पोतं बदलायचं की डाळ भरडायची? लिनक्सवर फाइलींचे फॉरमॅट बदलताना

बारावीनंतरच्या प्रवेशाचे फॉर्म सुरू झाले की लातूर-नांदेडच्या कुठल्याही झेरॉक्स सेंटरवर एक वाक्य दिवसभर कानावर येतं: "साइट फोटो घ्यायलाच तयार नाही." फॉर्मला हवा असतो जेपीजी, पोरानं आणलेला असतो मामाच्या आयफोनवर काढलेला एचईआयसी. मग रांगेतला एखादा जाणता सांगतो, "नावाच्या शेवटचं खोड अन् जेपीजी लिही." नाव बदलतं, साइट तरीही ढिम्म. दुसरा जाणता एखादी फुकट कन्व्हर्टरची वेबसाइट सुचवतो, आणि फोटोपाठोपाठ आधार कार्ड, जातीचा दाखला, सातबारा असं सगळं कुठल्यातरी अनोळखी सर्व्हरवर जाऊन बसतं.

लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टमवर ही कामं आपल्याच मशीनवर होतात, नेट नसलं तरी होतात, आणि दहा वर्षं जुन्या मशीनवरही होतात. साधनं फुकट आहेत आणि चांगली आहेत. घोटाळा होतो तो वेगळ्याच कारणानं: 'कन्व्हर्ट करणं' या एका नावाखाली आपण वेगवेगळी कामं एकाच मापानं मोजतो.

मोंढ्यातलं उदाहरण घ्या. तुरीच्या पोत्यावर खडूनं 'हरभरा' लिहिलं तरी आत तूरच असते. तीच तूर दुसऱ्या पोत्यात ओतली तर पोतं बदललं, माल तोच. पण डाळमिलमधून काढली की तिची डाळ होते, आणि डाळीची पुन्हा तूर होत नाही. फाइलीचं नाव बदलणं म्हणजे खडूचं लिहिणं. कंटेनर, म्हणजे चित्र-आवाज एकत्र ठेवणारं वेष्टण, बदलणं म्हणजे पोतं बदलणं. आणि आतला कोडेक (चित्र-आवाज दाबून साठवायची पद्धत) बदलणं, म्हणजे चित्र किंवा आवाज नव्यानं दाबून भरणं, म्हणजे भरडणं. माझं म्हणणं एवढंच की पोतं बदलून भागत असेल तिथं मिल चालू करू नये. लोक नेमकं उलटं करतात, कारण बटण एकच असतं.

एक सोय आधी सांगतो. पुढं ज्या कमांड येतील त्या मी बोलून दाखवल्यासारख्या लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. स्वल्पविरामानं तोडलेल्या दोन तुकड्यांमध्ये एक जागा सोडायची, तुकड्याच्या आत नाही.

आत काय आहे ते आधी बघा

'फाइल' नावाचीच एक छोटी कमांड असते. 'फाइल' लिहायचं आणि पुढं फाइलचं नाव. ती नावाकडं बघत नाही, आतले पहिले काही बाइट वाचते. पीडीएफची सुरुवात टक्क्याचं चिन्ह आणि पुढं 'पीडीएफ' या तीन अक्षरांनी होते. जेपीजीचे पहिले दोन बाइट सोळाच्या मापात (हेक्साडेसिमलमध्ये) 'एफएफ' आणि 'डी८' असतात. त्यामुळं कुणी नाव बदलून आणलेलं असेल तर ही कमांड लगेच सांगते की हा जेपीजी नाही, एचईआयएफ जातीचं चित्र आहे (एचईआयसी याच जातीचं).

याच कमांडनं एक गंमत कळते. वर्डची डॉक्स फाइल आणि लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरची ओडीटी फाइल या दोन्ही मुळात झिप आहेत. कुणी लग्नाचे किंवा गावच्या सप्ताहाचे फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवले, तर स्क्रीनशॉट काढत बसू नका. फाइलवर 'अनझिप' चालवा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया' नावाचा फोल्डर, आणि त्यात सगळे फोटो ओळीनं पडलेले असतात. पाठवणाऱ्याच्या वर्डनं सेव्ह करताना ते लहान केले नसतील, तर जसे घातले तसेच मिळतात. काहीही कन्व्हर्ट न करता काम झालं.

व्हिडिओ: इथं फरक सगळ्यात जास्त दिसतो

व्हिडिओसाठी लिनक्सवर एकच नाव पुरतं: एफएफएमपेग. फाब्रिस बेलार यानं २००० साली हा प्रकल्प सुरू केला. त्याच्यासोबत एफएफप्रोब नावाचं साधन येतं. ते फाइल बदलत नाही, नुसतं आतलं सांगतं: कंटेनर कुठला, त्यात चित्राचा प्रवाह कुठल्या कोडेकचा, आवाजाचा कुठल्या.

एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय ही सगळी पोत्यांची नावं. आतला माल म्हणजे चित्रासाठी एच२६४, एच२६५, व्हीपी९, एव्ही१, आणि आवाजासाठी एएसी, एमपी३, ओपस. "माझा टीव्ही एमपी४ चालवतो" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. एमपी४ मध्ये एच२६४ असेल तर चालेल, एच२६५ असेल तर जुन्या टीव्हीवर आवाज येईल आणि पडदा काळा राहील.

गावात हरिनाम सप्ताह असतो, कीर्तन तीन तास चालतं. कुणीतरी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करतं आणि एमकेव्ही फाइल हातात येते. मंडळाला हवी एमपी४. आतला माल बहुतेक वेळा एच२६४ आणि एएसी असतो, आणि तो एमपी४ मध्ये जसाच्या तसा बसतो. तेव्हा कमांड अशी: एफएफएमपेग, डॅश आय, मूळ फाइलचं नाव, डॅश सी, कॉपी, आणि शेवटी नव्या फाइलचं नाव डॉट एमपी४. इथला 'कॉपी' हा शब्द महत्त्वाचा. तो आहे म्हणून माल पोत्यातून पोत्यात ओतला जातो. तीन तासांचं कीर्तन डिस्कच्या वेगानं, पाहता पाहता तयार होतं, आणि चित्रात एका ठिपक्याचाही फरक पडत नाही. 'कॉपी' विसरलात तर एफएफएमपेग काही विचारत नाही. सगळं उलगडून पुन्हा दाबायला घेतं. जुन्या मशीनचा पंखा बोंबलायला लागतो, कीर्तनाएवढा वेळ जातो, आणि हाती येतं ते मुळापेक्षा किंचित वाईट.

कॉपीत एक-दोन खाचा आहेत. एमकेव्हीत मजकुराची सबटायटल असतील तर ती एमपी४ मध्ये तशीच जात नाहीत आणि कमांड अडते. तेवढ्यापुरतं डॅश सी कोलन एस आणि 'मोव्ह अंडरस्कोअर टेक्स्ट' असं सांगावं लागतं. दुसरी खाच कापताना लागते. कीर्तनातला दहा मिनिटांचा तुकडा काढायचा म्हणून सुरुवातीची वेळ दिली, तरी तुकडा थोडा आधीपासून सुरू होतो किंवा पहिले काही क्षण चित्र अडखळतं. दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं, हे त्याचं कारण. मधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि मधल्यांमध्ये फक्त 'आधीपेक्षा काय बदललं' एवढीच नोंद. कॉपी करताना कापायला जागा मिळते ती पूर्ण चित्रापाशीच. अभंगाच्या पहिल्या शब्दावर नेमकं कापायचं असेल तर तेवढा तुकडा भरडावाच लागेल.

भरडायची खरी वेळ कधी येते? नव्या फोनवरचा लग्नाचा व्हिडिओ आजोबांच्या जुन्या टीव्हीवर पेनड्राइव्हनं दाखवायचा असतो तेव्हा. माल एच२६५ असतो, टीव्हीला एच२६४ हवा असतो. एच२६४ हे मानक २००३ चं, म्हणून जवळजवळ सगळी उपकरणं ते ओळखतात. इथं चित्राचा कोडेक 'लिबएक्स२६४' द्यायचा, आवाजाचा एएसी, आणि दर्जासाठी सीआरएफ नावाचा आकडा. हा आकडा ० ते ५१ मध्ये असतो, न सांगितल्यास २३ धरला जातो. आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. ढोबळमानानं आकडा ६ नं वाढवला की फाइल निम्मी होते. १८ च्या आसपास डोळ्याला फरक कळत नाही, २८ च्या पुढं नवरीच्या शालूवरची जर चिखलासारखी दिसायला लागते.

आता सगळं बरोबर केलं तरी टीव्ही काळाच, असंही होतं. नवे फोन कधीकधी एका रंगाला ८ ऐवजी १० बिट वापरतात. एफएफएमपेग प्रामाणिकपणे १० बिटाचंच एच२६४ बनवतं, आणि ते टीव्हीला कळत नाही. कमांडमध्ये डॅश पिक्स अंडरस्कोअर एफएमटी आणि पुढं 'वाययूव्ही४२०पी' घातलं की ते ८ बिटावर येतं. आणि तरीही पेनड्राइव्हवर फाइल कॉपीच होत नसेल तर दोष फॉरमॅटचा नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. पेनड्राइव्हमध्ये जागा भरपूर दिसते म्हणून माणसं इथं हकनाक डोकं फोडून घेतात.

आवाजाबद्दल थोडक्यात. घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या जात्यावरच्या ओव्या कुणी जुन्या कीपॅडच्या फोनवर रेकॉर्ड केल्या असतील तर त्या बहुधा एएमआरमध्ये असतात. साधा एएमआर सेकंदाला ८००० नमुने घेतो, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचा आवाज त्यात नोंदलाच जात नाही. त्याचा ३२० केबीपीएसचा एमपी३ केला तरी गळा उजळणार नाही, फाइल तेवढी फुगेल. ऐकायला सोयीचं म्हणून एमपी३ किंवा ओपस जरूर करा, पण मूळ एएमआर पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपचे आवाजी निरोप आधीच ओपसमध्ये असतात. त्यांना तर हात लावायचंच कारण नाही, व्हीएलसी प्लेअर ते तसेच वाजवतं.

फोटो आणि 'अमुक केबीच्या आत'

फोटोंचं साधन इमेजमॅजिक. त्याची मुख्य कमांड जुन्या आवृत्तीत 'कन्व्हर्ट' होती, सातव्या आवृत्तीपासून 'मॅजिक'. वरच्या पोराचं काम असं होतं: मॅजिक, मूळ फोटो, डॅश रिसाइज, ६०० एक्स, डॅश डिफाइन, जेपीईजी कोलन एक्स्टेंट बरोबरचं चिन्ह ५० केबी, आणि नवं नाव डॉट जेपीजी. 'एक्स्टेंट'ची ती सूचना फार कामाची आहे. दर्जाचा आकडा आपण चाचपडत बसण्याऐवजी इमेजमॅजिक स्वतःच तो कमी-जास्त करून दिलेल्या मर्यादेत बसवतं. फक्त आधी रिसाइज केलेलं बरं. चार हजार ठिपके रुंदीचा फोटो ५० केबीत कोंबला तर चेहऱ्यावर चौकोन उमटतात, ६०० ठिपक्यांचा त्याच ५० केबीत सुखानं बसतो. इमेजमॅजिकनं एचईआयसी ओळखलंच नाही तर 'एचईआयएफ कन्व्हर्ट' नावाचं छोटं साधन वेगळं मिळतं.

फोन पुष्कळदा फोटो प्रत्यक्षात फिरवत नाही. 'हा उभा धरून बघा' अशी नोंद आत ठेवतो. त्याच नोंदवहीत फोटो कुठं काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. फॉर्मसाठी ते काढून टाकलेले बरे, त्यासाठी 'स्ट्रिप' आहे. पण आधी 'ऑटो डॅश ओरिएंट' द्यायचं आणि मगच 'स्ट्रिप'. क्रम उलटा झाला तर नोंद पुसली जाते आणि पोरगा फॉर्मवर आडवा पडतो.

सहीचा फोटो पीएनजीत असेल आणि पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर जेपीजी करताना ती बहुतेक वेळा काळी होते, कारण जेपीजीला पारदर्शकता ठाऊकच नाही. 'बॅकग्राउंड व्हाइट' आणि 'फ्लॅटन' हे दोन शब्द वाढवले की प्रश्न मिटतो. आणि इमेजमॅजिकसोबतच येणाऱ्या 'मॉग्रिफाय' या कमांडपासून जपून राहा. ती अख्खा फोल्डर एका झटक्यात बदलते हे खरं, पण नवं फॉरमॅट किंवा वेगळा फोल्डर सांगितला नाही तर मूळ फोटोंवरच लिहिते. आमच्याकडं असल्या कमांडला 'न विचारता नांगर घालणारी' म्हणतात.

पीडीएफ म्हणजे छापलेला कागद

स्कॅन केलेली पानं जोडून पीडीएफ करायची असेल तर इमेजमॅजिक वापरू नये असं माझं मत आहे. एक तर ते जेपीजी उलगडून पुन्हा दाबतं. दुसरं, उबंटू आणि डेबियनवर पीडीएफच्या कामाला सुरक्षेच्या कारणानं कुलूप लावलेलं असतं, आणि 'परवानगी नाही' असा संदेश बघून माणूस नाहक पासवर्ड शोधत बसतो. 'आयएमजी२पीडीएफ' हे साधन तेच जेपीजी जसेच्या तसे पीडीएफच्या पानांवर ठेवतं. उलट दिशेनं, पीडीएफमधले फोटो मूळ रूपात काढायला 'पीडीएफइमेजेस' आहे, त्याला डॅश ऑल सांगायचं.

साइट म्हणते पीडीएफ अमुक एमबीच्या आत हवी. तिथं घोस्टस्क्रिप्ट. त्यात तयार दर्जे आहेत: 'स्क्रीन' चित्रांना इंचाला ७२ ठिपक्यांवर आणतं, 'ईबुक' १५० वर, 'प्रिंटर' ३०० वर. सातबारा, फेरफार, निजामकाळातल्या पाहणी पत्रकाची नक्कल असले कागद 'स्क्रीन'वर टाकू नका. आकार लहान होतो, शिक्का दिसतो, पण गट नंबरातला ३ आहे की ८ हे सांगता येत नाही. 'ईबुक'पासून सुरुवात करावी. आणि पीडीएफ स्कॅनची नसून मजकुराची असेल तर घोस्टस्क्रिप्टनं फारसं काही कमी होत नाही, कधी आकार वाढतोसुद्धा.

वर्डची पीडीएफ करणं हे लिब्रेऑफिसचं काम, आणि ते खिडकी न उघडताही होतं: 'सॉफिस', दोन डॅश हेडलेस, दोन डॅश कन्व्हर्ट-टू, पीडीएफ, आणि फाइलीची नावं. पन्नास फाइली असल्या तरी एकाच कमांडमध्ये. फक्त लिब्रेऑफिस आधीच उघडं असेल तर ही कमांड कधीकधी मुकाट्यानं काहीच न करता परत येते. ते बंद करून पुन्हा चालवा.

इथं मराठीची खरी अडचण फॉन्टची. समोरच्यानं मजकूर मंगल फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. तो विंडोजसोबत येतो, लिनक्सवर नसतो. लिब्रेऑफिस त्याच्या जागी लोहित किंवा नोटो देवनागरी लावतं. अक्षरं शुद्ध दिसतात, पण त्यांची रुंदी वेगळी असते. ग्रामसभेच्या ठरावाचं दोन पानांचं पत्र अडीच पानं होतं आणि सरपंचाच्या सहीची ओळ एकटीच तिसऱ्या पानावर जाते. एरियल-टाइम्ससाठी लिबरेशन, कॅलिब्रीसाठी कार्लिटो असे त्याच रुंदीचे जुळे फॉन्ट आहेत, म्हणून इंग्रजी पत्रं हलत नाहीत. मराठीला उपाय एकच: शेवटची पीडीएफ ज्याच्या मशीनवर फॉन्ट आहे त्यानंच करावी, किंवा सगळ्यांनी सुरुवातीपासून नोटोसारखा मोफत फॉन्ट वापरावा.

पीडीएफचं पुन्हा वर्ड करून द्या, अशी मागणी दर दिवसाची. पीडीएफला परिच्छेद, रकाना, शीर्षक यातलं बहुतेक वेळा काही ठाऊक नसतं. अमुक फॉन्टमधलं तमुक चित्ररूप पानावर इतकं डावीकडून, इतकं वर ठेवा, एवढंच त्यात असतं. पॅनडॉक हे मजकुराच्या फॉरमॅटांमधलं सगळ्यात हुशार साधन, जॉन मॅकफार्लेन यांचं, २००६ पासूनचं. ते डॉक्स, ओडीटी, एचटीएमएल, ईपब असं किती काय वाचतं, पण पीडीएफ वाचायला घेतच नाही. ही त्याची उणीव मानू नका, शहाणपण माना. पीडीएफ देणाऱ्याकडं मूळ वर्ड फाइल मागणं हाच सगळ्यात स्वस्त कन्व्हर्टर. पॅनडॉकनं मराठी मजकुराची पीडीएफ करायची असेल तर मात्र ध्यानात ठेवा: त्याचं नेहमीचं पीडीएफलाटेक इंजिन देवनागरीपाशी अडतं. इंजिन 'झीलाटेक' सांगायचं आणि मुख्य फॉन्ट म्हणून देवनागरी फॉन्टचं नाव द्यायचं.

कृतिदेव, श्रीलिपी आणि आत लपलेली इंग्रजी

आता मराठी माणसाचं सगळ्यात चिवट दुखणं. परभणी, बीड, अंबाजोगाई, कुठंही जा, एखाद्या डीटीपीवाल्याच्या कपाटात जुन्या स्मरणिका, दिवाळी अंक, प्रबंध, गावांचे इतिहास यांच्या फाइली पडून असतात. फाइल उघडते, पण पानभर इंग्रजी अक्षरांचा खच. माणूस म्हणतो, फाइल करप्ट झाली. झालेली नसते.

युनिकोड (प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं मानक) रुळण्याआधीचे कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे मराठी फॉन्ट कॉम्प्युटरला मराठी शिकवत नव्हते. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरच साठवलं जायचं, फॉन्ट फक्त त्याच्या जागी मराठी आकार काढून दाखवायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं तर फाइलमध्ये प्रत्यक्ष पाच अक्षरं असतात: ई, जे, के, मोठा बी, एच. 'ई'च्या जागी म दिसतो, 'जे'च्या जागी र, 'के'च्या जागी काना, मोठ्या 'बी'च्या जागी ठ आणि 'एच'च्या जागी दीर्घ वेलांटी. फॉन्ट काढून घेतला की उरतात ती पाच इंग्रजी अक्षरं.

तेव्हा इथं फॉरमॅट बदलून काही होत नाही. डॉकचं डॉक्स करा, ओडीटी करा, ती पाच अक्षरं तशीच पोत्यातून पोत्यात फिरत राहतात. लागतं ते एक कोष्टक: या फॉन्टमध्ये या अक्षराचा अर्थ हे मराठी अक्षर. आणि कोष्टक प्रत्येक फॉन्टचं वेगळं. कृतिदेवचं श्रीलिपीला चालत नाही, श्रीलिपीचं शिवाजीला नाही.

नुसती अदलाबदल करूनही भागत नाही, कारण क्रम उलटा असतो. टाइपरायटरच्या सवयीनं या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. 'किती' कृतिदेवमध्ये आहे: वेलांटी, क, त, दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये बोलण्याचा क्रम असतो: आधी क, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. 'कर्म' मध्ये रफार शेवटी टाइप केलेला असतो, म च्या नंतर. युनिकोडला तो म च्या आधी र आणि हलंत अशा रूपात हवा. जोडाक्षर आलं की रफाराला किती अक्षरं मागं न्यायचं हेही मोजावं लागतं. कन्व्हर्टर चांगला की कच्चा हे बघायला लांबलचक मजकूर नको. त्याला 'शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीचा मुद्दा' एवढी ओळ द्या. वेलांट्या, रफार आणि 'ऱ्या' एकाच ओळीत तपासून होतात.

'ऱ्या'वर जरा थांबायला हवं, कारण हिंदी डोळ्यापुढं ठेवून बनवलेली कोष्टकं इथं हमखास गडबडतात. शिवाय युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला मात्र ते वेगळे शब्द. प्रबंधात 'शेतकऱ्यांना' शोधलं आणि निम्म्याच जागा सापडल्या, तर कारण बहुधा हेच असतं. कन्व्हर्ट झाल्यावर सगळीकडं एकच तऱ्हा करून घ्यावी.

आणि एक चूक टाळाच. पुष्कळ जण कृतिदेवची फाइल आधी साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करतात आणि मग कन्व्हर्टरला देतात. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टचं नाव राहत नाही. मूळ प्रबंधात मराठी परिच्छेद कृतिदेवमध्ये आणि मधली इंग्रजी नावं, संदर्भ टाइम्समध्ये असतात. टेक्स्ट केलं की कुठलं खरं इंग्रजी आणि कुठलं मराठीचं सोंग घेतलेलं, हे ओळखायची एकमेव खूण गेली. मग कन्व्हर्टर खऱ्या इंग्रजी शब्दांचंही मराठी करतो आणि संदर्भसूचीचा काला होतो. म्हणून डॉक्स किंवा ओडीटी ठेवूनच, फॉन्ट बघून तेवढाच तुकडा बदलणारं साधन किंवा मॅक्रो वापरायचं. पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरच्या काही फाइली लिब्रेऑफिस ड्रॉ उघडतं, तिथूनही फॉन्टच्या नावासकट मजकूर हाती येऊ शकतो.

एक्सेलच्या याद्यांचं दुखणं दिसायला सारखं, पण वेगळं. मराठी नावांची यादी सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने तोडलेल्या साध्या मजकुरात, सेव्ह केली आणि नावं बिघडली, तर आधी बिघाडाचा प्रकार बघा. नावांच्या जागी चित्रविचित्र युरोपीय अक्षरं दिसत असतील तर डेटा शाबूत आहे, फक्त चुकीच्या संकेतानं उघडलाय. उघडताना यूटीएफ-८ निवडा, नावं परत येतात. पण सरळ प्रश्नचिन्हांची रांग असेल तर सेव्ह करतानाच माल गेला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. जुन्या एकेका बाइटच्या संकेतात त्याला जागाच नसते, म्हणून त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. त्यातून नाव काढणारं साधन नाही. एक्सेलची मूळ फाइल असेल तर तिच्यावरून, यूटीएफ-८ सांगून, नवी सीएसव्ही करायची.

राहिली ती फक्त पीडीएफच्या रूपात उरलेली पुस्तकं. 'पीडीएफफॉन्ट्स' ही कमांड आतल्या फॉन्टांची यादी देते. त्यात 'यूएनआय' नावाचा एक रकाना असतो. तिथं 'नो' असेल तर त्या आकारांना युनिकोडशी जोडणारा तक्ता पीडीएफमध्ये नाही, आणि कॉपी केल्यावर कचराच मिळणार. 'येस' असलं तरी मराठीत खात्री नसते, वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटलेली निघतात. अशा वेळी मी सरळ ओसीआर करतो, म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून वाचून घेतो. 'ओसीआरमायपीडीएफ'ला भाषा 'एमएआर' सांगायची आणि 'फोर्स ओसीआर' द्यायचं. ते आतला खोटा मजकूर बाजूला ठेवून पानाचं चित्र करतं, टेसरॅक्ट या ओसीआरच्या साधनाकडून वाचून घेतं आणि चित्रामागं खरा युनिकोड मजकूर बसवतं. टेसरॅक्टची मराठीची पोथी वेगळी बसवावी लागते, पॅकेजच्या नावाच्या शेवटी 'एमएआर' असतं. छपाई स्वच्छ असेल आणि स्कॅन ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) असेल तर निकाल चांगला येतो, पण एकदा डोळ्यांखालून घालावा लागतोच. 'ध' आणि 'घ' ची अदलाबदल, अनुस्वार गळणं, हे ठरलेलं.

हे सगळं छापील देवनागरीचं झालं. मराठवाड्यातले जुने महसुली कागद मोडीत आणि उर्दूत आहेत, तेही हातानं लिहिलेले. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण टेसरॅक्टच्या अधिकृत भाषांत मोडी नाही. उर्दू आहे, पण ती छापील अक्षरांवर शिकलेली. म्हणून असे कागद ३०० डीपीआयला स्कॅन करून 'आयएमजी२पीडीएफ'नं जसेच्या तसे बांधायचे, आणि मजकूर मोडी वाचणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यायचा.